डायलिसिस वॉर्डातला सूर

समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती हबीबभाई, नजमुन्निसाभाभी आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

मी विशाखा, डायलिसिस वॉर्डातली सिस्टर. मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनात भागणार नाही, आधीच सांगते.

हबीबभाई शांत, मनमिळाऊ तंत्रज्ञ, असं इथं सगळेच म्हणाले. त्यांच्या संगीताबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. का बरं?

भाई वॉर्डात छोट्या स्पीकरवर स्वतःच रचलेलं एक संगीत लावायचे. ना ताल, ना शब्द. एकच सूर तासभर सावकाश पसरत जायचा. मागं ठिबकणारं पाणी, तेही त्यांनीच वेरूळला जाऊन टिपलेलं. वैजापूरच्या आवडाबाईंना मशीनची भारी धास्ती. चार तास सुया टोचून पडायचं म्हटलं की रडकुंडीला यायच्या. तो सूर लागला की बिनघोर पडून राहायच्या. मी विचारलं, तर म्हणाल्या, "सिस्टर, गाण्यात कुणी ना कुणी कायतरी सांगत राहतंय. ह्यात मला कुणी काय सांगत नाय. लई बरं वाटतं."

मग कार्यालयाचं पत्र आलं: वॉर्डात मरगळ आणणारे आवाज बंद करावेत! स्पीकर गेला, टीव्ही आला. दिवसभर आपल्याच रुग्णालयाच्या जाहिराती. रुग्ण तर आधीच दाखल होता ना, साहेब?

आवडाबाई एके दिवशी अर्ध्यातूनच उठल्या. "मला जाऊ द्या," एवढंच म्हणाल्या. पुढच्या दोन खेपा आल्याच नाहीत. आल्या त्या धापा टाकत, मुलाच्या, कृष्णाच्या खांद्यावर.

हबीबभाईंनी टीव्हीची वायर उपसली, आवडाबाईंना मशीनवर घेतलं आणि सूर लावला. अधिकारी तावातावानं आले. भाई मागं न बघता म्हणाले, "साब, पहले इनकी साँस ठीक होने दो. बाद में मुझे निकालो."

आवडाबाई वाचल्या. भाईंना लेखी ताकीद मिळाली आणि बदली भांडारात. पंचवीस वर्षांचा अनुभव असलेला तंत्रज्ञ शेवटची दोन वर्षं औषधांची खोकी रचत होता! आणि आज त्यालाच शाल? आवडाबाई आता मोबाइलवर तोच सूर ऐकतात, कानात इअरफोन घालून. बाकीच्या अकरा खाटांनी काय करायचं?

ती ताकीद आजच मागे घ्या, अध्यक्षमहाराज. भाई, खुणा करू नका, बसतेच मी.

संधी दिल्याबद्दल आयोजकांचे, आणि ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. शब्दांत कुठं कमी-जास्त झालं असेल तर माफ करा. आवाज चढला, तो मात्र ठरवूनच.