खिडकीपाशी कोण बसणार

—नाही हो, पैज सासूबाईंनीच लावली. हात वर धरा, कोट काखेत आवळायला नको. वाचनालयाने टूम काढली, महिन्याभरात ती सातशे पानांची जुनी कादंबरी वाचायची आणि शेवटी येऊन सगळ्यांसमोर गोष्ट सांगायची. सासूबाई म्हणाल्या, "तुला शिवणापलीकडे काय येतं?" झालं! जी जिंकेल तिची जागा खिडकीपाशी. आता मला सुई ओवायला उजेड नको? मग मी काय केलं — कुणाला बोलू नका हं — सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की त्यांची पुस्तकातली खूण वीस पानं मागे सरकवायची. रोज! हसू नका, माप चुकतंय.

पण गंमत बघा, सासूबाईंची गाडी कुठे अडेचना. रोज जेवताना गोष्ट पुढेच. एकदा म्हणाल्या, कप्तानाने त्या विधवेशी लग्न केलं. अगंबाई, तो तर दोनशेव्या पानावर बुडाला! मला शंका आली. पुस्तकाच्या जागी माझी मापांची जाडी वही ठेवली — तर तीही मन लावून वाचली हो. छाती छत्तीस, कंबर तीस, आणि ह्या आपल्या मान डोलावतायत! दिसतच नव्हतं त्यांना. कधीपासून, देव जाणे. पोटच्या मुलालाही पत्ता लागू दिला नव्हता.

मी बोलले? छे. खरं सांगू, त्यांचा कप्तान पुस्तकातल्यापेक्षा झकास होता. मी जेवायची वाट बघायला लागले.

शेवटच्या दिवशी त्यांनी आपली गोष्ट सांगून अख्खं वाचनालय रडवलं. मागून मी खरी सांगितली — तर ग्रंथपालबाई मलाच विचारतात, "तुम्ही नक्की वाचलीत ना?" त्या ग्रंथपालबाईंनी स्वतः कुठे वाचली होती! पण वाद घातला असता तर चारचौघांत सासूबाईंपुढे पुस्तक उघडून धरलं असतं कुणीतरी. म्हटलं, "नाही हो, अर्धीच झाली."

खिडकी त्यांची झाली, म्हणून तर ही मापं अंधारात घेतेय. उद्या त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणार आहे, नवी कादंबरी आणायला जाऊ असं सांगून. त्यांना कानोकान खबर — अहो, सरळ उभ्या राहा ना, दाराकडे काय बघताय?

...सासूबाई? केव्हापासून उभ्या आहात?

तुम्ही शुक्रवारी या हो. बाहीचं माप राहू दे — निघा आता, निघा!