टेंटेटिव्हली येतो

हिंजवडीची बस रखडली होती, म्हणून विश्रांतवाडीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या निकिताच्या कानावर बाकावरचं बोलणं पडत राहिलं. एक आजोबा शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलीला विचारत होते,

“बाळा, टेंटेटिव्हली म्हणजे काय गं?”

“म्हणजे बहुतेक, पण पक्कं नाही. का हो आजोबा?”

“आमचा प्रज्ञेश कॅनडाहून म्हणतो, डिसेंबरात टेंटेटिव्हली येतो. त्याच्या आईच्या पहिल्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन राहिलंय. त्याच्यासाठी दोनदा पुढं ढकललं. आता विहारातले भन्तेजी कार्यक्रमाची तारीख मागतायत.”

“मग टेंटेटिव्ह तारीख द्या.”

“हे त्यांना मराठीत कसं सांगू?”

“नंतर कळवतो म्हणा.”

“ते दोन्ही वेळा म्हणून झालं.”

“मग प्रज्ञेशदादांनाच स्पष्ट विचारा ना, येणार की नाही?”

“नको गं.”

“का? राग येईल त्यांना?”

“छे, गुणी आहे पोरगा. ‘बाबा, अजून नक्की नाही,’ एवढं सांगायला दर रविवारी आठवणीनं फोन करतो. एकदा काय ते नक्की सांगून मोकळा झाला, की पुढच्या रविवारी कशाला करेल?”