बायकोच्या पेशीतली रिळं

...आता हे डोकं बघा! हात लावून बघा, टाके लागतील हाताला. कुणी फोडलं म्हणता? चोरानं? दारुड्यानं? छे हो, आमच्या हिनं! पितळी बत्त्यानं! तुम्हाला सांगतो, लग्नापासून जिचा आवाज कधी 'अहो'च्या वर चढला नाही, ती दम्यासाठी स्टिरॉइडची गोळी घेते काय आणि पैलवान होते काय... खुर्ची फेकली, आरसा फोडला, टपालवाल्याच्या कानाखाली जाळ काढला, का तर म्हणे बेल जोरात वाजवली! आणि आपण काय म्हणायचं? औषध आहे, बोलायचं नाही!

पुतणी डॉक्टर आहे माझी. गेलो तिच्याकडं, रक्तानं भरलेला रुमाल डोक्याला धरून. ती टाके घालताघालता मलाच शिकवायला लागली. "काका, प्रत्येक पेशीत लांबच लांब धागा असतो, प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला. पेशीनं काय करायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. घट्ट गुंडाळलेलं वाचता येत नाही. गोळीतला हार्मोन आत शिरतो, काही रिळं सैल करतो, काही आवळतो. फुप्फुसातला सूज आणणारा मजकूर त्यानं मिटवून ठेवलाय, म्हणून काकूला श्वास घेता येतो."

"आणि डोक्यात?"

"तिथं कधीकधी भलतंच उघडतं, काका."

"ते भलतं लिहिलं कुणी गं? गोळीनं?"

"नाही हो. गोळी नवीन काही लिहीत नाही. आधीचंच वाचायला काढते."

घ्या! म्हणजे बत्ता हिच्या आत पहिल्यापासून गुंडाळलेला! आणि मी मूर्ख त्याच्या शेजारी उताणा पडून घोरत होतो! झोपेतच खलास झालो असतो की... पण औषध आहे, बोलायचं नाही!

घरी आलो, तर टाके बघून ही ढसाढसा रडायला लागली. "अहो, हे माझ्या हातून झालं? नको मला ती गोळी!" तोंडातली गोळी थुंकलीच! एकदम बंद करायची नाही असं पुतणीनं बजावलेलं, पण ऐकतंय कोण? दोन दिवसांत घर कसं गार झालं. "अहो, पाणी देऊ का?" काय तो आवाज, लोणी! आणि पाण्याचा तांब्या उचलेपर्यंत हिची छाती भात्यासारखी, ओठ निळे, 'अहो'तला 'हो'सुद्धा बाहेर पडेना हो... मी गोळ्यांची डबी ओढली. ओरडलो, "गिळ! गिळ ती गोळी, भवाने! मला मारायचं तर मार, पण गिळ!" जबडा धरून कोंबली तोंडात. करकचून चावली, हे बघा, नख गेलंय! पुतणी धावत आली, सुई टोचली, वाफ दिली, तेव्हा कुठं ओठांवर रंग आला.

आज सकाळी मी कप जागेवर ठेवला नाही, तर स्वयंपाकघरातून कढई आली सणसणत! भिंतीचा पोपडाच उडाला. मागोमाग शिव्या, माझ्या बापापासून सुरुवात, अख्ख्या गल्लीला ऐकू जातील अशा... आणि मधे कुठंही थांबली नाही हो, एकदाही धाप लागली नाही! मी टेबलाखाली बसून सगळ्या ऐकल्या. मग कढई उचलली आणि परत तिच्या हाताशी नेऊन ठेवली. लांब ठेवली तर वाकावं लागतं तिला... उगाच दम लागतो.