माझ्या मशीनला काही झालं नाही

जबाब देणार : सदाशिव गोविंद टेंबे, वय ६८ वर्षे, व्यवसाय : निवृत्त शास्त्रज्ञ (उसावरील रोग), मूळ गाव मिरज, जि. सांगली, सध्या राहणार विकास नगर, लखनौ. वार शनिवार, दुपारी सव्वाबारा.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, मला कोणी बोलावलेलं नाही, मी आपणहून आलो आहे. लखनौत बत्तीस वर्षं काढल्यानं मला हिंदी येतं. पण हे सगळं आडवळण न घेता सांगायचं तर ते मराठीतच जमेल, असं मी उपनिरीक्षक शर्मिष्ठा मिश्र यांना सांगितलं. "जिस भाषा में आए उसी में लिखिए सर, अनुवाद हम करा लेंगे," असं त्या म्हणाल्या. म्हणून स्वहस्ते लिहितो.

माझ्या घरी एक संगणक आहे. त्यावर २००६ पासून विंडोजऐवजी लिनक्स आहे. अँटीव्हायरस नाही, कधीच नव्हता. लिनक्सला व्हायरस लागत नाही हे मी कॉलनीत इतक्या लोकांना ऐकवलं आहे की माझी पत्नी कांचन मी तोंड उघडायच्या आत ते वाक्य पुरं करते. मराठी मंडळातले लोक आपापले पेनड्राइव्ह माझ्याकडे "धुवायला" आणतात. विंडोजवर न दिसणाऱ्या छुप्या फायली माझ्याकडे दिसतात, त्या मी हाताने काढून टाकतो आणि चहा पाजून पेनड्राइव्ह परत देतो. या कामाचा मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू, माज होता.

तक्रारदार कु. देविका ही आमच्या शेजारच्या वीणाताईंची मुलगी. ती इथल्या चिनहट भागातल्या कारखान्यांजवळच्या भूजलावर पीएच.डी. करते. प्रबंध देण्याची शेवटची तारीख या महिन्याची तीस. गेल्या रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास ती माझ्याकडे आली. संदर्भसूची नीट लागत नाही म्हणून रडकुंडीला आली होती. मी सूची आपोआप लावणारा एक छोटा प्रोग्रॅम इंटरनेटवरून उतरवून ठेवला होता. तो विंडोजचा होता, माझ्याकडे चालत नव्हता, नुसताच पडून होता. तो मी तिच्या पेनड्राइव्हवर घालून तिला दिला.

देविकाला मराठी समजतं, पण ती उत्तर हिंदीत देते. तिनं विचारलं, "काका, स्कैन कर लिया न?" मी म्हणालो, "अगं, माझ्या मशीनला काही झालं का? मग फाइल स्वच्छच आहे." ती "हाँ, ये भी है" म्हणून गेली. तिच्या संगणकानं सोमवारी सकाळी तो प्रोग्रॅम चालवताना धोक्याची सूचना दिली होती. काकांची फाइल आहे म्हणून तिनं ती बंद केली. हे तिनं नंतर कांचनला सांगितलं, तेही सहज, माझ्यावर संशय म्हणून नव्हे.

सोमवारी दुपारपर्यंत तिच्या सगळ्या फायलींना कुलूप लागलं आणि पडद्यावर खंडणीची सूचना आली. पेनड्राइव्ह लावलेलाच होता, त्यावरची प्रतही गेली. मागची प्रत फेब्रुवारीतली आहे. त्यानंतरच्या पाण्याच्या नमुन्यांची मोजमापं गेली.

संध्याकाळी तिनं तक्रार दिली. पेनड्राइव्ह कुठे कुठे लावला असं विचारल्यावर तिनं श्री. राजाराम मौर्य यांच्या झेरॉक्स-प्रिंटच्या दुकानाचं नाव सांगितलं. माझं सांगितलं नाही. माझ्याकडून काही येऊ शकतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही, कारण ते मीच येऊ दिलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी साडेदहाला मी एक फुकट मिळणारा स्कॅनर माझ्या संगणकावर घातला आणि ती फाइल तपासली. व्हायरस असल्याची लाल ओळ आली. दुसऱ्यांदा तपासली, तिसऱ्यांदा तपासली. फाइल पुसून टाकावी असं मनात आलं, पण पुसली नाही. आणि कोणाला सांगितलंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मी चार दिवस झाकून ठेवली. त्याच दुपारी राजाराम यांच्या दुकानातले दोन्ही संगणक तपासासाठी इथे आणले गेले.

मी नोकरीभर उसाच्या बेण्यावर काम केलं. वरून ठणठणीत दिसणारं बेणं आतून रोग घेऊन दुसऱ्याच्या शेतात जातं, म्हणून तपासल्याशिवाय बेणं द्यायचं नाही, हे मी शेतकऱ्यांना घसा कोरडा होईपर्यंत सांगत आलो. आणि घरी मीच विनातपासणी बेणं वाटत बसलो. लाज वाटते. थकवाही येतो, पण लाज जास्त.

काल शुक्रवारी सकाळी अकराला मी दुकानावरून जात होतो. शटर अर्धं वर होतं. राजाराम स्टुलावर बसले होते, गिऱ्हाईक एकही नव्हतं. कोणीतरी मंडळाच्या ग्रुपवर त्यांच्या दुकानात पेनड्राइव्ह लावू नका असं टाकलं होतं. ते मीही वाचलं होतं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, आप तो कंप्यूटर के जानकार हैं। थाने चलकर बस इतना कह दीजिए कि मेरी दुकान से नहीं आया। आपकी बात मानेंगे।" मी "देखते हैं" म्हणालो. सगळं माहीत असताना देखते हैं म्हणालो.

आज कांचन माझ्यासोबत आली असून बाहेर बाकावर बसली आहे. मी राजाराम यांच्या बाजूनं जाणकार म्हणून बोलायला आलो आहे, अशी तिची समजूत आहे. मी ती दुरुस्त केलेली नाही.

मिश्र मॅडम यांनी विचारलं, "तो सर, घर में लिनक्स हो तो एंटीवायरस चाहिए कि नहीं?" माझं उत्तर असं : स्वतःच्या मशीनपुरतं बहुधा लागत नाही. अपडेट वेळेवर घ्यावेत आणि कुठूनही उचललेली आज्ञा डोळे मिटून टाइप करू नये. पण ज्याच्या घरातून फाइल दुसऱ्याच्या घरी जाते, त्यानं तपासूनच द्यावी. हे मला आधीही माहीत होतं. मला काही होत नाही ना, एवढ्यावरच मी थांबत होतो.

माझा संगणक मी सोबत आणून जमा केला आहे. फाइल त्यात आहे तशी आहे. राजाराम मौर्य यांचा यात काडीचाही संबंध नाही. त्यांचे संगणक आजच परत द्यावेत ही विनंती. देविकाचं गेलेलं मला परत देता येत नाही.

ठाण्यात मराठी वाचणारं कोणी नसल्यानं हा जबाब मला माझ्या पत्नीनं, तिला आत बोलावल्यावर, मोठ्यानं वाचून दाखवला. मंगळवारचा मजकूर आला तेव्हा ती थांबली. "मंगळवारपासून?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. हे चारही दिवस ती वीणाताईंकडे डबा घेऊन जात होती. पुढचं तिनं न थांबता वाचलं. मजकूर मी लिहिला तसाच आहे, त्यात कमी-जास्त काही नाही. मिश्र मॅडम राजाराम यांना फोनवर कळवते म्हणाल्या.

सही : स. गो. टेंबे

वाचून दाखवणार : कांचन सदाशिव टेंबे. मी वाचलं. राजारामभैयांना ठाण्यातून फोन करू नये. दुकानावर जाऊन हे स्वतः सांगतील. आत्ता.