विचारून परत ठेवलेला कंद

आजच्या सभेच्या अध्यक्षा आदरणीय तान लोलिंग, व्यासपीठावर बसलेले पाद्रीबाबा एस्तेबान, वडिलांना न्यायला सॅन दिएगोहून आलेल्या कार्मेलिताताई, ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलो ते आपले तुन लिनो, आणि सोंगसोंग गावातल्या माझ्या सगळ्या वडीलधाऱ्या तान आणि तुन मंडळींनो,

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. म्हणून कागदावर लिहून आणलं आहे, तेवढंच वाचतो. लाल भात निवतो आहे, हेही मला दिसतं आहे.

तुन लिनो गावाला होड्या दुरुस्त करणारे म्हणून ठाऊक आहेत. मला मात्र ते खालच्या रानातले ठाऊक. शाळा अर्धवट सोडून मी घरी बसलो होतो, सोबतीचे सगळे ग्वामला आणि तिथून पुढे निघून गेले होते, तेव्हा तुन मला म्हणाले, "रोमान, भिंतीकडे बघून डोळे जातील. चल माझ्याबरोबर." तेव्हापासून आम्ही एकपानी अमरी, म्हणजे एकच पान येणारं ते रानातलं ऑर्किड, राखतो. खडकाच्या कपारीत मूठभर माती असते, तिच्यात ती उगवते. आपल्या बेटावर ती आता एकाच जागी उरली आहे आणि ती जागा आम्हा दोघांनाच माहीत आहे. उद्यापासून बेटावर एकालाच.

रानात न विचारता शिरलं किंवा काही उचललं, तर तिथे राहणारे पूर्वज अंगावर सूज आणतात, असं आपण मानतो; शिरताना त्यांची परवानगी तुनच मागायचे. "आजी, आजोबा, आम्ही दोघं आत येऊ का?" मी मागे गप्प उभा राहायचो. दोघांचं ते विचारत असताना मी कशाला बोलू?

गेल्या महिन्यात तुन यांचा पाय सुजला. विमानाचं तिकीट काढलेलं होतं. कार्मेलिताताई म्हणाल्या, "बाबा, खारवलेले मासे बंद करा." त्यावर आपल्या अध्यक्षा, म्हणजे तुन यांच्या थोरल्या बहीण, काय म्हणाल्या, हे त्यांची क्षमा मागून सांगतो.

"माशांचं काय घेऊन बसलीस, पोरी? रानातून काय उचलून आणलंय ते विचार तुझ्या बापाला!"

तुन यांनी खिशातून अमरीचा कंद काढला. शेंगदाण्याएवढा. "तिकडे कुंडीत लावीन म्हटलं. आणि मी विचारलं होतं, लोलिंग."

"आत यायचं विचारलंस. न्यायचं विचारलंस का?"

तुन यांनी कंदावर मूठ मिटली. एवढी वर्षं रानात वावरलेल्या माणसाकडून हे कसं राहिलं असेल? मला वाटतं, नकार येईल म्हणून त्यांनी विचारलं नसावं.

डॉक्टरांनी सूज उतरेपर्यंत प्रवासाला मनाई केली. तुन यांना चालवत नव्हतं. त्यांनी कंद माझ्या हातात दिला. "तूच ठेवून ये. माझ्या वतीनं माफी माग. आणि जरा मोठ्यानं बोल, त्यांचे कान माझ्याहून म्हातारे आहेत."

मी गेलो. रानाच्या तोंडाशी बराच वेळ बसून राहिलो. कंद परत ठेवला की पाय बरा होणार, आणि पाय बरा झाला की तुन जाणार. नाही ठेवला तर? कोणी बघायला येणार नव्हतं. जागा तर आम्हा दोघांनाच माहीत!

पण त्यांना चालताना होणारा त्रास मी पाहिला होता. मी उठलो आणि मोठ्याने म्हणालो, "आजी, आजोबा, मी एकटाच आलो आहे. आत येऊ का?" स्वतःचा आवाज मला परका वाटला. कंद जागेवर पुरला, तुन यांच्या वतीने माफी मागितली आणि घरी आलो.

सूज उतरली. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांनी उतरली. असेल.

तुन, आज सकाळी मी जाऊन आलो. तिथे एक फूल आलं आहे. नेहमीसारखंच, नुसत्या देठावर. ते गळून गेलं की मगच पान येईल. पान आलं की तुम्हाला फोन करीन. तुमची सकाळ कधी होते, ते ताईंनी मला समजावून सांगितलं आहे.

आपल्याकडे आत येताना विचारायची रीत आहे, निघताना विचारायची नाही. ती असती, तर तुम्ही मला विचारलं असतं. आणि मी हो म्हटलं असतं, तुन. जरा मोठ्यानेच म्हटलं असतं.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, न विचारता काही बोललो असेन, तर इथे बसलेल्यांनी आणि रानातल्या आजी-आजोबांनीही मला माफ करावं.