मफिनची अळणी कुल्फी

आणि वरून मलाच सांगतात, "बाबा, दार हळू लावा, तो आत्ताच झोपलाय." कोण झोपलाय? कुत्रा. कुठे झोपलाय? माझ्या खोलीत, माझ्या एसीसमोर, माझ्या पलंगावर, चारी पाय वर करून, आणि घोरतोय असा की बाहेरच्याला वाटावं चिंतामणजीच आत पसरलेत. आणि चिंतामणजी कुठे? दाराबाहेर, आवाज नको म्हणून चपला हातात घेऊन, मे महिन्याच्या भर दुपारी... तुम्हाला सांगतो, कुत्र्याशी आपलं काही वैर नाही. पण हा कुत्रा नाहीच मुळी, हा फुकटा भाडेकरू आहे.

आता माझं ऐका. इंदूरच्या स्नेहलतागंजमध्ये आपलं नमकीनचं दुकान. मी काही शिकलोबिकलो नाही, बेसन आणि गिऱ्हाईक या दोनच गोष्टी वाचता येतात, पण त्या बरोबर वाचता येतात. सकाळभर कढईसमोर उभं राहून लौंग शेव, म्हणजे लवंगेची तिखट शेव, पाडायची, दुपारी मुलाला, रजतला, गल्ल्यावर बसवायचं, घरी यायचं, वरण-भात जेवायचा आणि एसी सव्वीसवर लावून आडवं व्हायचं. आयुष्यात ऐश म्हणाल तर तेवढीच. घरात एसी एकच, तो माझ्या खोलीत. हॉलमध्ये कूलर आहे, जो हवेपेक्षा आवाज जास्त फेकतो.

आणि त्यात आमची सून, शर्वरी, हस्की घेऊन आली. हस्की माहीत आहे ना? बर्फात गाडी ओढणारी जात. बर्फात! अरे भिया, स्नेहलतागंजमध्ये कुठला बर्फ? उसाच्या रसवाल्याकडे गोणपाटात गुंडाळलेली लादी येते, तेवढाच आमचा हिमालय. नाव ठेवलं मफिन. मी मफलर म्हणतो, दिसतो तसाच. मी विचारलं, "बेटा, गावात कुत्रे संपले होते का?" तर म्हणे, "बाबा, ह्याचे डोळे बघा ना, निळे आहेत." आता डोळे निळे म्हणून काय मी त्याला सव्वीस डिग्री अर्पण करू?

पण केली. करावी लागली. उन्हाळा लागला तसा तो जीभ काढून धापा टाकायला लागला, शर्वरी रडायला लागली, जनावरांचे डॉक्टर आले आणि म्हणाले, "अंकलजी, इसको ठंडे में रखिए, एसी अठारह पे." अठरा! मला गुडघ्यांचा त्रास, सव्वीसच्या खाली गेलं की दोन्ही गुडघे वेगवेगळ्या भाषेत बोलतात. तर मी मे महिन्यात, इंदुरात, दुपारी, स्वेटर घालून पलंगावर आणि तो खाली माझ्या सतरंजीवर मजेत. आणि केस, काय सांगू, उशीवर केस, चादरीवर केस, सकाळी दाढी केली तर वाटावं ह्याचीच केली. कुत्र्याशी आपलं काही वैर नाही, पण एका खोलीत दोघांना मिशा कशाला हव्यात?

मी घरात स्पष्ट सांगितलं, एक तर तो नाही तर मी. सगळे मफलरकडे बघायला लागले. इतक्या प्रेमाने बघत राहिले की मीच म्हटलं, बरं, दुसरा काही उपाय बघा.

तेव्हा शर्वरी म्हणाली... हे वाक्य लक्षात ठेवा... "बाबा, ह्याला आतून गार ठेवलं ना, की तो हॉलमध्ये कूलरसमोर गपचूप पडून राहील." आतून गार म्हणजे काय, तर कुत्र्यासाठी घरची कुल्फी. दही घ्यायचं, केळं कुस्करायचं, हाडकाच्या आकाराचा रबरी ट्रे असतो त्यात ओतायचं आणि फ्रीझरमध्ये. कुठल्या फ्रीझरमध्ये? जिथे माझा आमरस असायचा. आमरस बाहेर, हाडकं आत. बरं, चालेल म्हटलं, खोली परत मिळत असेल तर चालेल. तिने दोन हाडकं दिली, मफलरने कटाकट चावली, ओठ चाटले आणि सरळ माझ्या खोलीत जाऊन एसीखाली लंबा झाला.

मी धंद्याच्या नजरेने पाहिलं. माल ठीक, साइज चुकली. हाडूक कसलं ते, चिल्लर. असा माल पाहिजे की दुपारभर चाटत बसला पाहिजे, उठायची फुरसत मिळाली नाही पाहिजे. मी म्हटलं, "बेटा, सरक. हे माझ्यावर सोड. पण शर्त ऐकून घे, तो हॉलमध्ये राहिला तर खोली माझी, सव्वीसवर." ती म्हणाली, "डन, बाबा."

डॉक्टरांना फोन लावला, मसाला विचारायला. म्हणाले, "अंकलजी, दही, बिना बीज का तरबूज, उबला कद्दू, सब चलेगा. बस नमक नहीं, शक्कर नहीं." मी विचारलं, "और जीरावन?" त्यांनी फोन ठेवला. आता बघा, आख्ख्या इंदुरात पोह्यावर, भुट्ट्यावर, पेरूवर जीरावनचा चटपटा मसाला पडतो, आणि मी, ज्याचा जन्म मिठामसाल्यात गेला, मी बिनमिठाची, बिनसाखरेची वस्तू बनवायची? चाखून पाहिली. मला सवय आहे, न चाखलेला माल आपल्या हातून बाहेर जात नाही. ओल्या भिंतीला जीभ लावल्यासारखं झालं. पण केली. लाल भोपळा उकडला, कलिंगडाच्या बिया एकेक वेचल्या, जन्मात सुहासिनीला... म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला... कधी भाजी निवडून दिली नाही, आणि मफलरसाठी बिया वेचतोय.

कुल्फीचे ते पत्र्याचे लांब साचे असतात ना, ते सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीतल्या विष्णूकडून आणले. विष्णू कुल्फीवाला, जुना दोस्त. त्याने एक गुपित सांगितलं: "भिया, साचे को पानी मत दिखाना, माल ढीला पड़ता है. हथेली में घुमाओ, हाथ की गर्मी से सरक के आएगी, फिर मुट्ठी में पकड़ के काड़ी लगाओ." तर मी साचा घेतला, तळव्यांमध्ये फिरवला, मस्त घुमवला, कुल्फी अलगद हातात आली, काय माल होता महाराज, गुलाबी, टणक, वीतभर. मफलरसमोर धरली.

त्याने हुंगलं. माझ्याकडे पाहिलं. नाक फेंदारलं. आणि मागे सरकला.

मागे सरकला! हा प्राणी, ज्याने पायपुसणं खाल्लं, माझी डावी चप्पल खाल्ली, रजतच्या मोबाइलचा चार्जर खाल्ला, तो माझ्या मालाला नाक मुरडतो? आमच्या दुकानात रीत आहे, गिऱ्हाईक आलं की आधी चिमूटभर शेव त्याच्या तळहातावर. मग तोंडाकडे बघायचं. एकदा चव लागली की गिऱ्हाईक दुकान सोडत नाही, हे मी रजतला गल्ल्यावर बसवण्याआधी शिकवलं. कृष्णपुऱ्याचे शंकरराव, रोज यायचे, रोज चाखायचे, "आज जरा लौंग कमी वाटतेय" म्हणायचे आणि काही न घेता जायचे. तो माणूससुद्धा शेवटी किलोकिलोने न्यायला लागला. शंकररावांना मी वळवलं, हा कोण लागून गेला?

दुसऱ्या दिवशी पपईची केली. नाक मुरडलं. मग काकडीची. मग नुसत्या ताकाची. प्रत्येक वेळी तेच, हुंगायचं, माझ्याकडे असं बघायचं जणू अन्न-भेसळ खात्याचा साहेब आलाय, आणि खोलीत निघून जायचं. शर्वरी तोंडात ओढणी धरून हसतेय. रजत म्हणतो, "बाबा, डिस्काउंट देऊन बघा." कुत्र्याशी आपलं काही वैर नाही, पण त्या दिवशी माझ्या मनात काय काय आलं ते मी देवासमोरसुद्धा बोललो नाही.

शेवटी सुहासिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, त्या कुल्फीला काय झालंय, हात बघा तुमचे. लौंगेचा न् हिंगाचा वास साबणाने जात नाही तुमचा. मी इतकी वर्षं सहन करतेय, तो कशाला करेल?"

मी हात हुंगले. मला तर काहीच वास येईना. तिथेच कळलं की ती खरं बोलतेय.

म्हणजे विष्णूचं ते गुपित... तळव्यात घुमवा... मी रोज त्या निष्पाप कुल्फीला लौंग-हिंगाची मालिश करत होतो. दुकानातले पॅकिंगचे प्लास्टिकचे हातमोजे आणले, चढवले, साचा घुमवला, कुल्फी धरली. मफलरने हुंगलं. एकदा चाटलं. मग पुन्हा. मग बसलाच फतकल मारून, हॉलमध्ये, कूलरसमोर, डोळे मिटून, दुपारभर. आणि मी? खोलीत. सव्वीसवर. बिनस्वेटरचा. मी म्हटलं, चिंतामणा, जिंकलास.

पण दोनच दिवस... दोन दिवस टिकलं ते राज्य. कारण मी विसरलो की गिऱ्हाइकाला चव मीच लावलीय. आता त्याने शर्वरीच्या हातचं बंद केलं. हातमोज्याची चुरचुर ऐकली की माझ्या मागे. मी संडासात गेलो तर दाराबाहेर. मी जेवलो तर ताटाशेजारी. मी खोलीत गेलो तर खोलीत, आणि आता सतरंजीवर नाही बरं का, पलंगावर, माझ्या उशीवर डोकं ठेवून, कुल्फी दोन पंजांत धरून, माझ्याच चादरीवर ठिबकवत. हटवायला गेलो तर तेच लौंग-हिंगाचे हात चाटतो. शर्वरी म्हणते, "बाबा, किती जीव लावलाय त्याने तुम्हाला." आणि रिमोट उचलून पुन्हा अठरा करते.

गुडघे बोलायला लागले. उशी घेतली आणि बाहेर आलो.

तर आता दुपारी मी हॉलमध्ये असतो, कूलरसमोर, चटईवर. काल शर्वरी हळूच आली, म्हणाली, "बाबा, खूप गरम होतंय का? एक कुल्फी उरलीय, त्याचं पोट भरलं." दिली. घेतली. वरून जरा जीरावन भुरभुरवलं, तर खरं सांगतो, तितकी काही वाईट लागत नाही.

पोरगी खोटं नव्हती बोलली, भिया. आतून गार ठेवलं की कूलरसमोर गपचूप पडून राहतो.