गेनबाच्या जागी

—हळू बोल पोरी, कळलं मला. ह्या वाड्याफुडच्या बाजारात भिंती न्हाईत, पण कान लई हायेत. हिकडं ये, पाटीच्या ह्या अंगाला बस, म्हंजे बघणाऱ्याला वाटंल घासाघीस चाललीय. तर तुझ्याबी दारात माणूस आणून उभा केलाय म्हण की, तुझा घरवाला म्हणून. आन् उद्या तुमची पांढरी बसणार, समदं गाव, घरटी एक कर्ता, एक आवाज — आन् तुला इचारणार, बाई, हाच का? कुणी धाडली तुला माझ्याकडं? दत्तोबानं? त्याला काय जातंय. सगुणाला इचार म्हणाला आसंल, तिनं गावाची लाज राखली. राखली की. बस, सांगते.

आमची वाडी बिबवेवाडीच्या पल्याड. तंटा गायरानाचा. हिंदुराव पाटलाला गावाचं गायरान एका सरदाराच्या आमराईला द्यायचं व्हतं — त्या वाड्यात त्याची ऊठबस व्हती, मिरवायचं व्हतं. निम्मी घरं पाटलाकडं, निम्मी दत्तोबाकडं, म्हंजे ज्यांची गुरं त्यांच्याकडं. सरकारचा कारकून येणार, जिकडं आवाज जास्त तसा निवाडा लिहून शिक्का मारणार. आन् जी माणसं पानपतावर गेली, त्यांची नावं? ती तशीच. माझा गेनबा गेला त्याला वर्सं लोटली — मेला म्हणून सांगावा न्हाई, जगला म्हणून न्हाई. मंग नाव खोडणार कोण? माझ्या कपाळी कुंकू हाय तंवर गेनबाचा आवाज जिता. पाटलानं हे बराबर हेरलं.

पांढरी बसायच्या आदल्या सांजेला पाटलानं एक माणूस आणला माझ्या दारात. दाढी वाढलेली, गालावर वार, एक पाय ओढत चालणारा. पाटील म्हणाला, "सगुणा, ओवाळ, तुझं कुंकू बळकट." मी बघतच राहिले. उंची तेवढीच, रंगबी तसाच — पण न्हाई. अगं, नवरा दाराशी असा उभा ऱ्हाईल व्हय, जोडा कुठं काढू म्हणून इचारल्यागत? मला कळलं. सासूला कळलं का न्हाई, द्येव जाणे. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आन् अशी रडली, अशी रडली — येडी न्हवती ती, आई व्हती. "माझा लेक" म्हणाली. झालं. मी भाकऱ्या थापल्या, त्यानं खाल्ल्या, मान खाली घालून खाल्ल्या. म्हातारी त्याच्या उशाशी बसून राहिली. मी परड्यात निजले, हां, खोटं न्हाई सांगत. पहाटं उठून बघते तर गड्यानं गोठा झाडलेला, रांजण भरून ठिवलेला. कुणी सांगितलं न्हवतं. गेनबा गेल्यापास्नं माझ्या रांजणात दुसऱ्या कुणी पाणी ओतलं न्हवतं. त्या दिशी मी वेणी घातली. नीट, तेल लावून. — हे दत्तोबाला सांगू नको. कुणालाच नको.

मारुतीच्या देवळाफुडं पांढरी बसली. त्यो माणूस धडाधडा बोलला, बैलांची नावं, बांधावरची झाडं, भावकीतली माणसं — पाटलानं पढवलेलं. दत्तोबा वरडत व्हता, तोतया हाय, तोतया! कारकून म्हणाला, "तुम्ही गप्प बसा, आईला विचारू." म्हातारीनं बेलभंडार उचलला. व्हय म्हणाली. देवाची शपथ घेऊन व्हय म्हणाली, पोरी! मंग मला. "बाई, हाच तुझा नवरा?" काय व्हतं माझ्याफुडं? व्हय म्हणावं तर घरात गडी, म्हातारीला लेक. न्हाई म्हणावं तर आईच्या शपथंफुडं बायकोचा शब्द धरतो कोण? मी उठले. देवळाच्या पायरीवर हात आपटले. दोन्ही. बांगड्यांच्या काचा उडाल्या, रगत आलं. पदरानं कुंकू पुसलं. कारकुनाचा बोरू थांबला. जित्या नवऱ्याफुडं कुठली बाई असं करंल? त्याला कळलं काय लिहायचं ते. त्या माणसाला उठवला, आन् गेनबाचं नाव खोडलं.

पाटलाला एक आवाज कमी पडला, गायरान राहिलं. आजबी गुरं चरतात तिथं. दत्तोबा म्हणाला, सगुणा, गाव तुझं उपकार इसरणार न्हाई. फुडल्या संक्रांतीला त्याच्याच घरी हळदीकुंकू झालं, मला बोलावणं न्हाई. कसं येणार? रांडमुंड ना मी. आपल्याच हातानं झालेली.

काय? — आन् खरा गेनबा आला तर?

…आला तर आला. गावात त्याला आवाज न्हाई आता. मेलेला हाय त्यो. कारकुनानं लिवलंय, मी सांगितलंय. वाटंवर कुणी पाय ओढत आलं तरी मी उठून दारात येते — न्हाई, गेनबाचे पाय धड व्हते. पाय ओढत यायचा त्यो दुसरा. बघ, दोघांची गल्लत व्हती माझी अजून.

त्याचं काय झालं? पाटलाच्या गड्यांनी गाठला त्याला ओढ्याकाठी. पाटलाचं नाव फोडंल म्हणून मारला का निसता राग काढला — मारला. सांज व्हायच्या आत मेला. गाव म्हणालं, कुणाचा कोण, कोण जाळणार? तर म्हातारी उठली. म्हणाली, माझा लेक हाय, गेनबा हाय, लाकडं आणा. लाकडं आली. गेनबा म्हणून जाळला त्याला, गेनबा म्हणून दहावा घातला. त्यानंतर म्हातारी माझ्याशी बोलली न्हाई. मरस्तोवर न्हाई. माझ्या हातचं खाल्लं, पण बोलली न्हाई.

आन् त्याचं नाव काय व्हतं, कुठल्या गावचा, त्याचीबी कुणी कुठं कुंकू लावून वाट बघत आसंल का — कुणी इचारलं न्हाई. कारकुनानं न्हाई, पांढरीनं न्हाई. समद्यांना एवढंच पाहिजे व्हतं, त्यो गेनबा हाय का न्हाई. माझ्या चुलीफुडं बसून जेवला त्यो. मीबी न्हाई इचारलं.

रडू नको हितं, लोक बघत्यात. व्हय म्हण का न्हाई म्हण, ते मी न्हाई सांगायची, माझ्याच्यानं व्हणार न्हाई. पण ऊन चढायच्या आत घरी जा, त्याला जेवू घाल, आन् नाव इचार. खरं. निदान तुला तरी ठावं आसू दे.

ऊठ आता. चावडीवरनं जाऊ नको, मागल्या वाटंनं जा. — या वैनी, या, वांगी घ्या. आज सकाळी तोडलीत.